एकट्याच्या सफरीतली माणसे

‘शिकणे आणि शिकवणे’ हा विषय आम्ही निवडला, तेव्हा तुमच्यापैकी अनेकांना वाटले असेल की आज गुरुकुले, गाण्यातली घराणी, फार तर सॉक्रेटिस यांच्याविषयी ऐकायला मिळणार. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पण आज आपल्याला समुद्रावर जायचे आहे. तेही फार जुन्या काळात नाही, गेल्या साठ वर्षांतच. यातली बरीच माणसे आजही हिंडती-फिरती आहेत आणि गोष्टीचा मोठा भाग मुंबई आणि गोव्यात घडलेला आहे. तरी तिच्याकडे इतिहास म्हणून बघायची आपल्याला सवय नाही.

१९ ऑगस्ट २००९ रोजी भारतीय नौदलातले कमांडर दिलीप दोंदे ‘म्हादई’ या शिडाच्या नौकेतून मुंबईहून निघाले. नौका ५६ फुटांची, माणूस एक. ऑस्ट्रेलियातले फ्रीमँटल, न्यूझीलंडमधले लिटलटन, फॉकलंड बेटांवरचे पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन, एवढे चार थांबे घेऊन पुढच्या वर्षी मे महिन्यात ते मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्याआधी पृथ्वीला वळसा घालून आलेल्या भारतीय शिडाच्या नौका होत्या. लष्कराच्या इंजिनिअर दलाची ‘तृष्णा’ १९८५ साली निघाली आणि १९८७ साली परतली. पण तिच्यावर चमू होता. एकट्याने हे कुणीच केले नव्हते.

आम्हाला अडकवून ठेवले ते या ‘एकट्याने’ शब्दाने. वर्तमानपत्रांनी तो मथळ्यात घातला, सत्कारांमध्ये तो दहादा उच्चारला गेला. शब्द खोटा नाही. दक्षिण महासागरात मध्यरात्री शीड फाटले तर शिवायला दुसरे कुणी नसते. पण या माणसाला शीड कधी उतरवायचे हे कुणी शिकवले? नौका कुणी बांधली? आणि बांधणाऱ्याला तरी ती कशी बांधायची हे कुठून कळले? हे प्रश्न विचारत मागे मागे गेलो की एकटेपण विरघळायला लागते आणि माणसांची एक साखळी दिसू लागते. जुनी आणि नवखी माणसे, एकमेकांच्या शेजारी उभी.

आता एक छोटे विषयांतर, आमच्या धंद्यातले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सहाव्या पुस्तकात जहाजाचा एक दृष्टान्त आहे. जहाजाचा मालक धिप्पाड, पण थोडा बहिरा आणि नजरेने अधू. खलाशी सुकाणूसाठी आपसात भांडताहेत. त्यांच्यातल्या एकानेही ही विद्या शिकलेली नाही. वर त्यांचे म्हणणे असे की ही विद्या शिकवता येतच नाही, आणि येते असे कुणी म्हणाले तर त्याचे तुकडे करू! प्लेटोला या दृष्टान्तातून लोकशाहीवर टीका करायची होती, ते आज बाजूला ठेवू. पण खलाशांच्या त्या म्हणण्यात एक अर्धसत्य आहे. समुद्रावरची विद्या फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ साली ‘एखादी गोष्ट माहीत असणे’ आणि ‘एखादी गोष्ट करता येणे’ यांत भेद केला, त्यावर मोठी चर्चा झाली. आपल्या भाषेत हा भेद बोलण्यातच आहे. ‘मला पोहण्याची माहिती आहे’ आणि ‘मला पोहता येतं’ ही दोन वाक्ये लहान मूलसुद्धा एकमेकांत मिसळणार नाही. ‘येतं’ म्हणतो आपण. माहिती आपण मिळवतो, विद्या मात्र ‘येते’. कुठून येते? बहुतेक वेळा, ती ज्याच्याकडे आहे त्याच्या जवळपास वावरण्यातून.

तर आता मुंबईकडे येऊ.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा एक तरुण अधिकारी होता. मुंबईत त्याने स्वतःसाठी एक नौका बांधून घेतली. बत्तीस फुटांची, अस्सल सागवानी. बांधणारे इथलेच सुतार, आणि हत्यारे पिढ्यान्‌पिढ्यांची: वाकस, सामता. नौकेचे नाव ठेवले ‘सुहेली’. आखाती समुद्रात वाहणाऱ्या एका वाऱ्याला अरब खलाशी हे नाव देतात. भाऊ आणि एक मित्र यांना सोबत घेऊन तो १९६५ साली याच नौकेतून मुंबईहून निघाला आणि केप टाउनमार्गे इंग्लंडला पोचला.

पुढे १९६८ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने ‘गोल्डन ग्लोब’ ही शर्यत जाहीर केली. कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा. नऊ जण उतरले. कुणाची नौका मोडली, कुणी आजारी पडले, कुणी मनानेच शर्यतीतून बाहेर पडले. पुरी केली एकानेच: २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, नॉक्स-जॉन्स्टन फालमथ बंदरात परतला. म्हणजे न थांबता एकट्याने पृथ्वीला वळसा घालणारी जगातली पहिली नौका मुंबईच्या सुतारांच्या हातची होती. शाळेच्या पुस्तकात हे यायला हवे होते असे आमचे मत आहे. असो.

शर्यतीनंतर जे घडले ते आजच्या विषयाच्या गाभ्याशी आहे. स्पर्धकांत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक नवखा होता. घरदार गहाण टाकून उतरलेला. नौका अपुरी, अनुभव तुटपुंजा. माघार घेतली तर दिवाळे, पुढे गेलो तर मरण, अशा कोंडीत सापडून तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि रेडिओवरून आपली खोटी ठिकाणे कळवत राहिला. शेवटी नौका सापडली, माणूस सापडला नाही. मागे बायको आणि चार मुले. नॉक्स-जॉन्स्टनला पाच हजार पौंडांचे बक्षीस मिळाले होते. त्या काळात ही मोठी रक्कम, आणि तो काही श्रीमंत नव्हता. ते सगळे पैसे त्याने क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. क्रोहर्स्टने जगाला फसवले होते. पण समुद्रावर जाऊन आलेल्या माणसाला त्या नौकेतल्या रात्री कशा असतील हे वेगळ्या पद्धतीने कळले असावे. वर्तमानपत्रांनी निकाल दिला, जुन्याने दिला नाही.

आता मध्ये जवळजवळ चार दशके सोडून देऊ.

व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे नाव इथल्या ज्येष्ठ मंडळींना माहीत असेल. १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘आयएनएस कामोर्टा’चे कप्तान, वीरचक्र, पुढे पश्चिम नौदल कमानीचे प्रमुख. निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे, वन्यप्राण्यांविषयी आणि सागरी इतिहासाविषयी तितक्याच आस्थेने बोलणारे गृहस्थ. एखाद्या भारतीयाने एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा त्यांचा ध्यास. त्या वेळचे नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांनी तो उचलून धरला. मग माणूस शोधणे आले. २००६ साली दोंदे पुढे आले.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. आवटींनी स्वतः अशी परिक्रमा केलेली नव्हती. दोंदे मूळचे पाणबुडे. शीडनौका त्यांना नवीन नव्हत्या, पण महासागरात महिनोन्‌महिने एकट्याने नौका चालवण्याचा अनुभव त्यांना नव्हता. आणि तसा अनुभव असलेला एकही माणूस देशात नव्हता, ज्याच्याकडे जाऊन बसावे. आपल्याकडे हजार वर्षांची दर्यावर्दी परंपरा आहे असे आपण भाषणांत सांगतो. आहेच. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी, सगळ्यांची आहे. पण परंपरा आहे म्हणजे हवी ती विद्या हाताशी आहे असे होत नाही. पश्चिम किनाऱ्यावरच्या पाण्याची, खडकांची, वाऱ्याची विद्या तांडेलाकडे आहे. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाखाली आठवडे नव्हे, महिने कसे काढायचे, ही वेगळी विद्या. ती इथे नव्हती, बाहेरून आणावी लागली.

दोंदे गेले ते नॉक्स-जॉन्स्टनकडे. ते तोवर ‘सर रॉबिन’ झालेले, वय सदुसष्ट, आणि त्या वयात पुन्हा एकदा एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरायच्या तयारीत. ही शर्यत ऑक्टोबर २००६मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओहून सुटणार होती. दोंदे त्यांच्या किनाऱ्यावरच्या मदतनीसांत सामील झाले. वर्ग नाही, अभ्यासक्रम नाही, प्रमाणपत्र नाही. अशा शर्यतीच्या आधी धक्क्यावर जी कामे असतात ती बघा: दोर तपासायचे, कुठे घासताहेत ते शोधायचे, सामान मोजून अशा ठिकाणी लावायचे की नौका आडवी झाली तरी हलणार नाही, विजेच्या तारा, पंप, शिडांच्या दुरुस्त्या, याद्या आणि पुन्हा याद्या. दिसायला हमालीच. भारतीय नौदलातला कमांडर दर्जाचा अधिकारी ही कामे करतो, यातच आम्हाला अर्धे शिक्षण दिसते. हुद्दा बाजूला ठेवता आल्याशिवाय नवखे होता येत नाही. आम्ही आयुष्यभर विद्यापीठात होतो, तिथे हे किती अवघड असते ते सांगायला नको. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला ‘हे मला येत नाही, दाखवता का?’ एवढे वाक्य घशातून बाहेर काढताना जे कष्ट पडतात ते पाहण्यासारखे असतात!

१९९१ साली जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोघांनी शिकण्याविषयी एक छोटे पुस्तक लिहिले. युकातानमधल्या सुइणी, लायबेरियातले शिंपी, अमेरिकन नौदलातले दिशादर्शक, असे गट त्यांनी विचारात घेतले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: नवखा आधी कडेला उभा राहतो, पण ती कड कामाच्या आतली असते. शिंप्याचा शिकाऊ आधी काजे-गुंड्या करतो, कापड बेतायला शेवटी शिकतो. काजे चुकले तर नुकसान थोडे, पण काम खरे, गिऱ्हाईक खरे. अशा खऱ्या कामातली कडेची जागा देणे हेच जुन्याचे मुख्य शिकवणे. आपल्याकडच्या मासेमारीच्या होडीवर नव्या पोराने आधी पाणी उपसायचे, चूल सांभाळायची, जाळ्यातली मासळी निवडायची, हेही तेच नाही का? शिकवतो असे कुणी म्हणत नाही, पण दोन-तीन हंगामांत पोराला वारा पडायच्या आधी कळायला लागतो.

बिल्बाओहून शर्यत सुटली आणि महिनाभरानंतर, नोव्हेंबरमध्ये, त्याच शर्यतीत दक्षिण महासागरात ॲलेक्स थॉमसनची नौका निकामी झाली. माइक गोल्डिंग हा त्याचा कट्टर प्रतिस्पर्धी त्याच्या पुढे होता. तो उलटा फिरला, वाऱ्याच्या विरुद्ध मागे आला आणि त्याने थॉमसनला उचलून घेतले. ही बातमी वाचून दोंद्यांच्या मनात काय आले हे आम्ही सांगू शकत नाही. पण ज्या बिरादरीत आपण शिरतो आहोत तिचा कायदा काय आहे, हे त्यांना लवकरच दिसले एवढे नक्की.

मग नौका. ती बांधली गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. आराखडा डच. दांडेकर फायबरच्या बोटी बांधत, पण महासागर पार करणारी अशी शीडनौका त्यांनी याआधी बांधली नव्हती. म्हणजे चालवणारा नवखा, बांधणारा नवखा. शहाण्या माणसाने दोघांनाही घरी पाठवले असते. पण गंमत अशी की यातूनच एक वेगळे शिकणे घडले. नौका आकार घेत असताना चालवणारा तिथे होता. समुद्रात एकट्या माणसाला सुतार, वीजतंत्री, शिवणकर, प्लंबर सगळे स्वतःच व्हावे लागते. पाटाखालून कुठली नळी कुठे जाते हे ज्याने ती बसवताना पाहिले आहे, त्याला अंधारात हात घातला तरी सापडते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौका नौदलात दाखल झाली. नाव मिळाले ‘म्हादई’, ज्या नदीला आपण खाली आल्यावर मांडवी म्हणतो तिचे वरचे नाव.

आणि आता साखळीतला पुढचा माणूस. दोंदे निघाले तेव्हा त्यांच्या किनाऱ्यावरच्या मदतीत नौदलातला एक तरुण वैमानिक होता, अभिलाष टॉमी. बंदरात नौका आली की दुरुस्त्या बघायच्या, सामान भरायचे. बिल्बाओत दोंदे जिथे उभे होते त्याच जागी आता टॉमी. नोव्हेंबर २०१२मध्ये त्याच म्हादईतून टॉमी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता, १५१ दिवसांनी, ३१ मार्च २०१३ रोजी परतले. जुन्याने चार थांबे घेतले, नव्याने एकही नाही. आपल्या शिष्याने आपल्याहून पुढे जावे असे म्हणणारे गुरू पुष्कळ भेटतात. तो खरेच पुढे जायला निघाला की त्याच्यासाठी दोर तपासून देणारे थोडे.

इथे मराठीचा एक बारकावा सांगावासा वाटतो. इंग्रजीत ‘वुई’ एकच. आपल्याकडे दोन: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’त ऐकणारा बाहेर असतो, ‘आपण’मध्ये आत. नौकेवर, कारखान्यात, तालमीत, कुठेही बघा. जुनी माणसे नवख्याशी बोलताना आधी म्हणतात, ‘आम्ही असं करतो.’ मग एखाद्या दिवशी, बहुतेक वेळा काहीतरी बिघडलेले असताना, कुणीतरी सहज म्हणून जाते, ‘आता आपण काय करायचं?’ समारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. सर्वनाम बदलते, आणि नवखा नवखा राहत नाही. आम्ही स्वतः या व्याख्यानात कुठे ‘आम्ही’ म्हणतो आणि कुठे ‘आपण’, हे चिकित्सक श्रोत्यांनी तपासायला हरकत नाही.

पण हे फार गोड होते आहे, तेव्हा दुसरी बाजूही बोलू. जुन्या-नव्याचे नाते नेहमी असे देणारे नसते. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर हजारो भारतीय खलाशी होते, त्यांत रत्नागिरीकडचे कितीतरी. त्यांची भरती सारंग करायचा. तो बहुधा आपल्याच गावचा, आपल्याच नात्यातला. नव्या पोराला जहाजावर जागा तोच देणार, काम तोच शिकवणार, आजारी पडला तर तोच बघणार. आणि जागा देण्याबद्दल त्याच्या पगारातला हिस्सा तोच घेणार. पुढच्या सफरीसाठी पुन्हा तेच. अनेक पोरे वर्षानुवर्षे त्या कर्जातून सुटली नाहीत. शिकवणे आणि पिळणे एकाच हाताने. गोव्याच्या खलाशांचा प्रकार थोडा निराळा होता. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांचे गावागावाचे कूड होते, काही आजही आहेत. भिंतीकडेला ओळीने ट्रंका, गावच्या संताची वेदी, संध्याकाळी सामूहिक प्रार्थना. पहिल्यांदा घर सोडलेला मुलगा आणि वीस सफरी केलेला बटलर एकाच खोलीत, बोटीची वाट बघत. बोट कुठली चांगली, कुठल्या कंपनीत जेवण बरे, ही सगळी विद्या तिथल्या गप्पांत मिळायची. कूड गावाने चालवलेला, एका माणसाच्या खिशात नसलेला, म्हणून तिथे सोबत अधिक आणि सावकारी कमी, असा आमचा अंदाज आहे. तेव्हा जुना माणूस नवख्याला जागा देतो एवढे पुरे नाही. त्या जागेचे भाडे तो घेतो का, हे विचारायला हवे.

आता २०१८. पहिल्या गोल्डन ग्लोबला पन्नास वर्षे झाली म्हणून ती शर्यत पुन्हा भरवली गेली. अट अशी की १९६८ साली जे होते तेवढ्यावरच चालवायचे. उपग्रहावरून दिशा सांगणारी यंत्रे नाहीत. सेक्स्टंट, कागदी नकाशे, सूर्य आणि तारे. टॉमी उतरले, आणि त्यांची नौका दांडेकरांनीच गोव्यात बांधली: ‘सुहेली’ची प्रतिकृती. मुंबईच्या सुतारांनी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी जो आकार वाकसाने तासून काढला होता, तोच आता दिवाडीच्या कारागिरांच्या हातून. नाव ठेवले ‘तुरीय’. जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांपलीकडची चौथी अवस्था. मांडूक्य उपनिषद शिकवताना आमची निम्मी हयात गेली, पण या शब्दाचा असा उपयोग आमच्या कधी मनात आला नव्हता.

२१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरवर, वादळाने नौका गाठली. टॉमी तेव्हा शर्यतीत तिसरे होते. लाटा चौदा मीटरच्या आसपास, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढ्या. नौका उलथली, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. उठता येत नव्हते. तसल्या अवस्थेत त्यांनी जेमतेम काही शब्दांचा संदेश पाठवला. नौका उलटली, पाठ जायबंदी, हलता येत नाही, स्ट्रेचर लागेल.

त्यांच्यापासून नव्वदेक सागरी मैलांवर ग्रेगर मॅकगकिन हा आयरिश स्पर्धक होता. त्याच वादळाने त्याचीही डोलकाठी मोडलेली. त्याने काय करावे? वाचला होता, नौका तरंगत होती, तिचे तोंड ऑस्ट्रेलियाकडे वळवून हळूहळू निघून जाणे हा शहाणपणा. त्याने उरलेल्या दांड्यांची कामचलाऊ डोलकाठी उभी केली आणि तो टॉमींच्या दिशेने निघाला. भारतीय नौदलाच्या टेहळणी विमानाने ‘तुरीय’ शोधून काढली. ‘ओसिरिस’ या फ्रेंच मत्स्यपालन-गस्ती जहाजाने २४ सप्टेंबरला टॉमींना उचलले आणि मग मॅकगकिनलाही घेतले. दोघांना ॲमस्टरडॅम नावाच्या एका चिमुकल्या फ्रेंच बेटावर नेले.

मॅकगकिनला त्या नौकेपर्यंत पोचून प्रत्यक्षात किती करता आले असते? स्ट्रेचर त्याच्याकडे नव्हते, डॉक्टर तो नव्हता. तरीही तो निघाला, आणि हे आम्हाला उपयुक्ततेच्या हिशेबात बसवता येत नाही. तीन दिवस पाठीवर पडून असलेल्या माणसाला, कुणीतरी मोडक्या नौकेतून आपल्याकडे यायला निघाले आहे हे ठाऊक असणे, याला काय किंमत लावायची? नीतिशास्त्राच्या पेपरात आम्ही मुलांना बुडणाऱ्या माणसाचे उदाहरण देत असू: वाचवणाऱ्याचे कर्तव्य कुठवर, स्वतःच्या जिवाला धोका किती पत्करावा. मुले छान उत्तरे लिहीत, कांट आणि मिल दोघांनाही आणत. समुद्रावर तो प्रश्न अशा रूपात येतच नाही असे दिसते. गोल्डिंग वळला, मॅकगकिन निघाला. दोघांच्याही बाबतीत ‘मी का?’ हा प्रश्न पुष्कळ आधी कुणीतरी सोडवून ठेवलेला होता.

टॉमींच्या कण्यात टायटॅनियमच्या सळया बसवाव्या लागल्या. चार वर्षांनी, सप्टेंबर २०२२मध्ये, ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले. सोळा जणांत दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिनेही वाटेत थांबून, नौका बुडालेल्या तापियो लेहतिनेन या फिनिश स्पर्धकाला उचलले होते.

मधल्या काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. नौदलातल्या सहा तरुण स्त्री-अधिकारी म्हादईवर शिकत होत्या. वर्तिका जोशी ऋषिकेशची, प्रतिभा जामवाल कुलूकडची, पायल गुप्ता डेहराडूनची, विजया देवी मणिपूरची, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादची आणि स्वाती विशाखापट्टणमची. सहांतल्या चौघी डोंगराळ प्रदेशांतून आलेल्या, बरं का. समुद्रकाठी वाढलेली एकच. शिकवणारे दोंदे. पद्धत मात्र तीच, बिल्बाओचीच. आधी गोव्याहून मॉरिशस, मग गोव्याहून केप टाउन, दर वेळी थोडी मोठी सफर, थोडी अधिक जबाबदारी. मग दांडेकरांकडे बांधलेल्या ‘तारिणी’ या नव्या नौकेतून १० सप्टेंबर २०१७ रोजी त्या गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. प्रशांत महासागरात त्यांना मोठे वादळ लागले. शेवटच्या टप्प्यात सुकाणूची यंत्रणा बिघडली म्हणून मॉरिशसला न ठरवलेला थांबा घ्यावा लागला. दोंदे किनाऱ्यावर होते.

या शेवटच्या वाक्याकडे जरा थांबून पाहा. शिकवणाऱ्याला नौकेवर एक जागा सहज मिळाली असती. सातवा माणूस म्हणून, मार्गदर्शक म्हणून, सुरक्षेसाठी म्हणून. कुणी नावे ठेवली नसती. पण तो नौकेवर असता तर सहाही जणींनी प्रत्येक अवघड क्षणी त्याच्याकडे पाहिले असते, आणि तो क्षण त्यांचा राहिला नसता. शिकवण्यातला सगळ्यात कठीण भाग आम्हाला हाच वाटत आला आहे. वर्गात तो कधी करावा लागत नाही, कारण वर्गात कुणी बुडत नाही.

मनोहर आवटी यांनी तारिणीला परतलेले पाहिले. टॉमींची सुटका झाल्याचेही त्यांना कळले असणार. ३ नोव्हेंबर २०१८ रोजी, ब्याण्णव्या वर्षी, ते विंचुर्णीला गेले.

पुढे तारिणी पुन्हा निघाली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी, गोव्याहूनच, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी. एक कोळिकोडची, दुसरी पुदुच्चेरीची. त्यांना शिकवणारे होते नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी, कण्यात सळया असलेले. जानेवारी २०२५च्या अखेरीस लिटलटनहून पोर्ट स्टॅनलीकडे जाताना त्या ‘पॉइंट निमो’वरून गेल्या. पृथ्वीवर जमिनीपासून सर्वांत दूर असलेला हा बिंदू. कुठल्याही दिशेला सुमारे २,७०० किलोमीटरपर्यंत जमीन नाही. अवकाशस्थानक डोक्यावरून जात असेल तर सर्वांत जवळची माणसे तिथली. त्या ठिकाणी दोघींनी समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतले, दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी. २९ मे २०२५ रोजी, २३८ दिवसांनी, बाटल्या आणि नौका दोन्ही गोव्यात परत आल्या.

आमचे बोलणे इथे थांबवतो. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवला आहे, आणि सभागृहात मागच्या रांगेत दोन-तीन मंडळी अशी बसली आहेत ज्यांनी स्वतः होड्या चालवल्या आहेत. तेव्हा माइक आधी त्यांच्याकडे जाऊ द्या.